साठ पट्ट्यांचा आलेख

संगणकाने कर्करोगावरचे औषध शोधले, अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. या कथेचा आरंभ मात्र पस्तीसेक वर्षांमागच्या एका साध्या आलेखात आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९५५ पासून हजारो रसायने तपासली. चाचणी मुख्यतः रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर होई. त्यामुळे फुप्फुस, आतडे अशा अवयवांतील गाठींवरची औषधे निसटत असावीत, ही शंका बळावत गेली. अखेर संस्थेने पद्धत बदलली. माणसांच्या निरनिराळ्या कर्करोगांपासून वाढवलेल्या साठ पेशीवंशांवर प्रत्येक रसायन तपासायचे ठरले. १९९० मध्ये ही व्यवस्था पूर्णपणे सुरू झाली.

पण एकेका रसायनामागे येणाऱ्या या आकड्यांचे करायचे काय? केनेथ पॉल आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच उत्तर मांडले होते. मधली उभी रेघ म्हणजे सरासरी. औषधाला अधिक बळी पडणाऱ्या पेशींची पट्टी उजवीकडे, चिवट पेशींची डावीकडे. एकाच रीतीने काम करणाऱ्या औषधांचे आलेख एकमेकांसारखे दिसत. नवा आलेख जुन्यांशी ताडून साम्याची क्रमवारी लावणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘कम्पेअर’.

त्याचा कस लागला हॅलिकॉन्ड्रिन-बीच्या वेळी. हिराता आणि उएमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी ते समुद्री स्पंजातून वेगळे केले होते. ६०० किलो स्पंजातून हाती आले अवघे १२.५ मिलिग्रॅम! एवढ्याशा द्रव्यावर प्रयोग तरी किती करणार? ‘कम्पेअर’ने दाखवले, की त्याचा आलेख पेशीविभाजनातील सूक्ष्मनलिकांना बाधा आणणाऱ्या औषधांशी जुळतो. मग ट्युब्युलिन या प्रथिनावर प्रत्यक्ष प्रयोग झाले. सदाफुलीतील औषधी द्रव्ये जिथे काम करतात, त्याच भागाशी याचाही संबंध असल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९२ मध्ये हार्वर्डच्या योशितो किशी यांच्या गटाने हा रेणू प्रयोगशाळेत घडवला. त्याच रेणूच्या सुटसुटीत रूपातून एरिब्युलिन हे औषध निघाले. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली.

यात संगणकाचा वाटा नेमका किती? औषध स्पंजात होते आणि ते घडवले रसायनशास्त्रज्ञांनी. संगणकाने कुठे पाहावे ते सांगितले, आणि त्या मोजक्या मिलिग्रॅमांचे चीज झाले. पण साम्य शोधणारी पद्धत ओळखीचेच ओळखते. ज्याचा आलेख कुणाशीच जुळत नाही, ते रसायन निरुपयोगी असेल किंवा अगदी नव्या वाटेचे. त्याचा निवाडा आजही प्रयोगशाळेतच करावा लागतो.