ठोक्याचा आलेख

छातीवर हाताला लागणारा हृदयाचा ठोका जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, आकुंचन पावताना उमटतो की रक्ताने भरताना, यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकात वाद होता. छातीला कान लावून तो मिटण्याजोगा नव्हता.

इंग्लंडातील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या रोहिणीस जोडलेल्या काचनळीत रक्त आठ फुटांहून उंच चढल्याचे १७३३ साली प्रसिद्ध केले होते. ठोक्यागणिक तो स्तंभ काही इंच खालीवर होई. परंतु हा दाब हृदयाबाहेरचा.

१८६१ च्या सुमारास शोव्हो व मारे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी जिवंत घोड्याच्या मानेतील शिरेतून नळ्या थेट उजव्या कर्णिकेत आणि जवनिकेत उतरविल्या. फिरत्या कागदावर रेषा उमटल्या : प्रथम वरच्या कप्प्याचा, कर्णिकेचा, लहानसा उंचवटा, मग जवनिकेची एकदम उभी चढण, आणि त्याच क्षणी छातीवरचा ठोका. ठोका आकुंचनाचाच ठरला. घोड्यास काय वाटले, ते मात्र कागदावर नाही.

माणसाच्या डाव्या जवनिकेतील दाब विसाव्यात पाऱ्याच्या १० मिलिमीटरांच्या आसपास असतो. आकुंचनात तो महारोहिणीतील सुमारे ८० च्या वर जाताच झडप उघडते, आणि दाब १२० पर्यंत चढतो. उजवीस २५ पुरतात. तिचे रक्त जवळच्या फुप्फुसांतच जावयाचे असते.

जर्मनीत फोर्समान यांनी १९२९ साली स्वतःच्याच हातातील शिरेतून हृदयात नळी सारली. पुढे अमेरिकेत कूर्नां व रिचर्ड्स यांनी त्याच वाटेने रुग्णांच्या हृदयातील दाब मोजले. १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले, तेव्हा फोर्समान एका लहान गावी मूत्ररोगांवर उपचार करीत होते.