नारळ आणि चार सळ्या
नसरापूरहून राजगडाकडे निघालो की मार्गासनी लागते. पावसाळ्यात गुंजवणी दुथडी भरून वाहते. वैशाखात वरच्या वाड्यांमधल्या विहिरी तळ दाखवतात. मग तळहातावर नारळ ठेवून पाणाड्या फिरतो. बोअर कोरडी गेली, तर कर्ज तेवढे उरते.

माझा भरवसा चार सळ्यांवर. जमिनीत वीज सोडून भूगर्भ तपासण्याचा प्रयोग १९१२ साली फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जर यांनी केला. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली आणि ही पद्धत खेडोपाडी गेली. बाहेरच्या सळ्यांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजायचा. अंतर वाढवले की खोलवरचे कळते. काळा पाषाण वीज अडवतो, ओला मुरूम जाऊ देतो. पण दोन थरांमधली लाल मातीही जाऊ देते, पाणी मात्र सोडत नाही! तिथे सळ्याही फसतात. म्हणून आकडे घेतले तरी मी आधी शेजारच्या विहिरीत डोकावतो. थर तिथे उघडेच दिसतात.