घरच्या जुन्या निगेटिव्ह आणि फोटोंचे स्कॅनिंग : स्कॅनर, मॉनिटर आणि नोंदी

आपल्या अनेक सभासदांच्या घरी पत्र्याच्या डब्यात किंवा मिठाईच्या खोक्यात जुन्या निगेटिव्ह पडून आहेत. फोटो भावंडांत वाटले गेले, काही हरवले, काहींना वाळवी लागली. निगेटिव्ह मात्र ‘असू दे’ म्हणून राहिल्या. त्या संगणकावर घेण्यासाठी कोणता स्कॅनर घ्यावा, अशी विचारणा सभासदांकडून वारंवार होते. सर्वांच्या सोयीसाठी ती माहिती येथे एकत्र देत आहोत. आमचे सांगणे थोडक्यात असे : आधी डबा उघडावा, मग दुकानात जावे, आणि यंत्र येईपर्यंत न थांबता फोटोंतील माणसांची नावे विचारायला लागावे.

१. डब्यात काय आहे?

घरोघरी मुख्यतः दोन प्रकारच्या निगेटिव्ह सापडतात.

३५ मिमी : दोन्ही कडांना चौकोनी भोके असलेली अरुंद पट्टी. एका चित्राचा आकार २४ × ३६ मिमी. ३६ चित्रांचा रोल साधारणपणे सहा-सहा चित्रांच्या पट्ट्यांत कापलेला असतो. १९८० नंतरचे बहुतेक रंगीत रोल याच प्रकारचे.

१२० : सुमारे ६ सेंमी रुंद, कडेला भोके नसलेली फिल्म. आग्फा क्लिक-३ या साध्या कॅमेऱ्यात हीच फिल्म लागे आणि एका रोलवर ६ × ६ सेंमीचे १२ फोटो निघत. हा कॅमेरा आपल्याच बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होत असे, त्यामुळे रावपुरा-दांडिया बाजारातील जुन्या घरांत १२० ची फिल्म हमखास निघते.

हा फरक महत्त्वाचा आहे. ‘फिल्म स्कॅनर’ म्हणून विकली जाणारी बरीच यंत्रे फक्त ३५ मिमी घेतात. डब्यात १२० असेल, तर ते यंत्र कितीही चांगले असले तरी उपयोगाचे नाही. शिवाय त्या काळी खर्च वाचवण्यासाठी पुष्कळदा मोठी प्रिंट न काढता निगेटिव्हच्याच आकाराची छोटी प्रिंट घेत. तीत लग्नातल्या गटफोटोतील चेहरा वाटाण्याएवढा दिसतो. तोच चेहरा निगेटिव्हमधून ओळखता येईल इतका मोठा करता येतो. म्हणून निगेटिव्ह असेल तेथे प्रिंट नव्हे, निगेटिव्हच स्कॅन करावी.

डबा उघडताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फिल्मचा ॲसिटेट पाया खराब होऊ लागला आहे असे समजावे. अशी फिल्म वेगळी ठेवावी आणि सर्वांत आधी स्कॅन करावी. बुरशी आलेली फिल्म पाण्याने पुसू नये. बुरशीमुळे जिलेटिनचा थर कमकुवत झालेला असतो आणि चित्रच विरघळून निघते. रबरी फुंकणी आणि मऊ कोरडा ब्रश एवढेच वापरावे. हे काम पावसाळ्यात न करता दिवाळी ते होळी या कोरड्या दिवसांत करावे.

२. स्कॅनरचे प्रकार

साधा फ्लॅटबेड : कॅनन लाइडसारखी पातळ यंत्रे. फक्त प्रिंटसाठी, यांत फिल्म स्कॅन होत नाही. यांतील सेन्सरला काचेला चिकटलेला कागदच स्पष्ट दिसतो, त्यामुळे वाकलेला फोटो किंवा अल्बमचे फुगलेले पान अंधुक येते.

झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड : उदा. एपसन परफेक्शन व्ही६००. प्रिंट, ३५ मिमी आणि १२० ही तिन्ही कामे होतात. एका वेळी ३५ मिमीची १२ चित्रे बसतात. मिश्र डबा असलेल्या घरासाठी हाच प्रकार सोयीचा.

फक्त ३५ मिमीचा स्कॅनर : उदा. प्लसटेक ऑप्टिकफिल्म ८१०० किंवा ८२००आय. ३५ मिमीसाठी फ्लॅटबेडपेक्षा स्पष्ट चित्र मिळते, पण पट्टी हाताने पुढे सरकवावी लागते.

छोटा पडदा असलेले स्वस्त डबीवजा यंत्र : आत लहान कॅमेरा असतो आणि तो निगेटिव्हचा फोटो काढतो. काम झटपट होते, पण फाइल बहुधा जेपीईजीच मिळते आणि पुढे सुधारणेला फारसा वाव राहत नाही.

डिजिटल कॅमेरा : मॅक्रो लेन्स, स्टँड आणि चांगल्या रंगगुणांकाचा (सीआरआय ९५ किंवा अधिक) दिव्याचा पॅनेल असेल, तर कॅमेऱ्यानेही उत्तम काम होते. घरात छायाचित्रणाची आवड असलेले कोणी असेल, तर नवा स्कॅनर घेण्यापूर्वी हा विचार करावा.

खोक्यावरील डीपीआयच्या आकड्याला भुलू नये. व्ही६०० वर ६४०० लिहिलेले असले, तरी प्रत्यक्ष मिळणारा तपशील त्याच्या एक तृतीयांशाहून कमी असतो. ७२०० लिहिलेल्या ३५ मिमी स्कॅनरमधून निम्म्याच्या आसपास मिळतो.

धूळ व ओरखडे काढणारी इन्फ्रारेड सोय रंगीत निगेटिव्हवर चांगली चालते. नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर ती बंद ठेवावी. त्या फिल्ममधील चांदी इन्फ्रारेड किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते.

३. किती डीपीआय, किती जागा?

३५ मिमी – २४०० डीपीआय : सुमारे ३४०० × २२७० बिंदू. ७ × ११ इंचांची उत्तम प्रिंट निघते.
१२० (६ × ६) – १६०० ते २४०० डीपीआय. क्लिक-३ च्या साध्या भिंगासाठी एवढे पुरे.
प्रिंट – ६०० डीपीआय. मोठी प्रिंट असेल तर ३०० चालेल.

मूळ प्रत टिफ स्वरूपात, शक्यतो प्रत्येक रंगाला १६ बिट ठेवून साठवावी. ३५ मिमीच्या एका चित्राची फाइल २४०० डीपीआयला सुमारे ४६ एमबी होते. २० रोल म्हणजे ७२० चित्रे धरली, तर ३३ जीबी लागतात. जागा हा आता मोठा खर्च राहिलेला नाही, वेळ आहे. सफाई, स्कॅन आणि नोंद धरून एका चित्राला पाच मिनिटे आम्ही हिशेबात धरतो. त्या मानाने ७२० चित्रांचे ६० तास होतात. रोज एक तास दिला तर दोन महिने. डब्यात शंभराच्या आतच चित्रे असतील, तर स्वतः यंत्र न घेता नातेवाइकांत मिळून एक घेणे किंवा स्टुडिओत काम देणे परवडते.

फिल्मची चकचकीत आणि मंद बाजू यांत घोटाळा झाला, तर चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. कडेवरची अक्षरे सुलटी आहेत का ते पाहावे. पदर उजव्या खांद्यावर दिसला म्हणून लगेच फोटो उलटा ठरवू नये. शेजारच्या गुजराती काकूंचा पदर उजव्याच खांद्यावर असायचा. दुकानाची पाटी किंवा जानवे (श्राद्धाचा प्रसंग सोडून ते डाव्या खांद्यावर) यांवरून खात्री करावी.

४. मॉनिटर

स्कॅनरवर खर्च होतो आणि रंग मात्र जुन्या लॅपटॉपवर दुरुस्त केले जातात. नवा मॉनिटर बहुधा फार उजळ आणि निळसर ठेवलेला असतो. त्यावर ठीक दिसणारा फोटो छापून आला की काळपट निघतो. यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात.

आयपीएस पॅनेल घ्यावे. बाजूने पाहिले तरी त्यात रंग फारसे बदलत नाहीत. एसआरजीबी रंगपट्टा पूर्ण दाखवणारा मॉनिटर घरच्या कामाला पुरतो. २४ इंची १९२० × १०८० चालतो. २७ इंची घेतल्यास २५६० × १४४० असावा.

प्रखरता १०० ते १२० कँडेला प्रति चौ. मी., पांढऱ्या रंगाचे तापमान ६५०० केल्विन ठेवावे. रात्रीचा पिवळसर ‘नाइट लाइट’ काम करताना बंद करावा. मॉनिटर खिडकीसमोर नको. अचूक रंगासाठी पडद्यावर ठेवायचे मोजणी यंत्र (कॅलिब्रेटर) मिळते. ते महिन्यातून एकदाच लागते, त्यामुळे चार-पाच घरांनी मिळून एक घेतले तरी भागते.

१९७०-८० च्या दशकांतील अनेक रंगीत प्रिंट आज लालसर झाल्या आहेत. त्या दुरुस्त करताना मूळ स्कॅनला हात न लावता प्रतीवर काम करावे. हल्ली चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी ॲप्स आहेत. ती अस्पष्ट जागी अंदाजाने नवे डोळे, नवे ओठ भरतात. फोटो देखणा होतो, पण तो चेहरा पणजीचा राहत नाही. अशी प्रत केलीच तर तिच्या नावात ‘सुधारित’ असे लिहावे.

५. नोंदवही

हे काम सर्वांत आधी सुरू करावे. पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह धरून मोबाइलने फोटो काढावा आणि रंग उलटे करावेत. ओळखण्यापुरते चित्र लगेच मिळते. ते टीव्हीवर मोठे करून घरातील वयस्कर मंडळींना दाखवावे. उत्तम स्कॅन पुढच्या वर्षी केला तरी चालतो. नव्वदीतल्या आत्याला विचारणे पुढच्या वर्षावर टाकू नये.

वहीत रकाने असावेत : फाइल क्रमांक, रोल, साल, ठिकाण, प्रसंग, डावीकडून उजवीकडे व्यक्ती, माहिती कोणी दिली. खात्री नसेल तेथे ‘अंदाजे’ लिहावे. फाइलचे नाव साल-रोल-चित्र या क्रमाने द्यावे, उदा. १९७४-०३-१२. प्रिंटच्या मागे काही लिहिलेले असेल, तर ती बाजूही स्कॅन करावी.

स्त्रियांची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावे लिहावीत. लग्नात नाव बदलल्यामुळे एकच मुलगी दोन अल्बममध्ये दोन नावांनी असते, आणि पुढच्या पिढीला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. ‘अप्पांची मंडळी’ एवढ्या नोंदीवर थांबू नये. अप्पांच्या मंडळींना नाव होते.

शेवटी प्रती. टिफ फाइल आणि वहीचे स्कॅन दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावेत आणि तिसरी प्रत परगावच्या नातेवाइकाकडे द्यावी. वर्षातून एकदा डिस्क उघडून पाहावी. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर तपशील कमी होतो. स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह फेकू नयेत. कागदी पाकिटांत घालून, सिलिका जेलची पुडी ठेवून कोरड्या कपाटात ठेवाव्यात, आणि पाकिटावर वहीतला क्रमांक घालावा.