दक्षिणेपासून विद्यावेतनापर्यंत



तारोडी, डोंगरी, उत्तन या आपल्या गावांतून बसने भाईंदर स्टेशन गाठायचे आणि तेथून गाडीने मुंबईच्या विद्यापीठात जायचे, हा पदवीधर मुलामुलींचा क्रम आपणांस नवा नाही. त्यांपैकी एखादा मुलगा घरी येऊन म्हणतो, ‘मला आणखी चार-पाच वर्षे संशोधन करावयाचे आहे.’ तेव्हा बाप त्याला विद्येची महती विचारीत नाही. तो एवढेच विचारतो की, या पाच वर्षांत घर कोणी चालवायचे? प्रश्न व्यवहाराचा आहे आणि रास्तही आहे. महाराष्ट्रात राज्यकर्त्यांनी या प्रश्नाला वेळोवेळी जी उत्तरे दिली, त्यांचा इतिहास आज आपण थोडक्यात पाहू.

या इतिहासाचा आरंभ दक्षिणेपासून होतो. विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावास सुरू केली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालविली. श्रावणमासी पर्वतीच्या पायथ्याशी, रमण्यात, दूरदूरचे ब्राह्मण जमत. या दानाने शास्त्रांचा मान राहिला, यात संशय नाही. परंतु त्यात दोन उणिवा होत्या. एक, ते एकाच वर्णापुरते होते. दुसरी उणीव आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ती दक्षिणा मिळविलेल्या विद्येचा सन्मान होती; पुढे मिळवावयाच्या विद्येसाठी दिलेला अवकाश नव्हे. श्रावणात मिळाली, घरी नेली, संपली.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. नव्या सरकारने दक्षिणा एकदम बंद केली नाही. एल्फिन्स्टनसाहेबांनी वार्षिक पन्नास हजार रुपयांपर्यंत ती मर्यादित केली आणि त्यातील काही भाग विश्रामबागवाड्यात ६ ऑक्टोबर १८२१ रोजी उघडलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातील काही सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, या पैशातून मराठी ग्रंथकारांना उत्तेजन द्यावे. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे त्यांत प्रमुख होते. शास्त्रीमंडळींत मोठा क्षोभ उडाला. तथापि त्यातूनच दक्षिणा प्राइज कमिटी जन्मास आली. रमण्यातला पैसा आता मराठी पुस्तकाकडे वाहू लागला.

मग १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच सुमारास या निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमण्यास आरंभ झाला. नाव जुनेच, पण वस्तू अगदी नवी! फेलोने दरमहा ठरावीक वेतन घ्यावे, पुढचा अभ्यास करावा आणि खालच्या वर्गांना शिकवावे, अशी ही योजना होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८५९ मध्ये दक्षिणा फेलो झाले. महादेव गोविंद रानडे यांना कनिष्ठ फेलो म्हणून दरमहा साठ रुपये आणि पुढे वरिष्ठ फेलो म्हणून एकशेवीस रुपये मिळत. हे दोघेही १८६२ साली विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झाले. एकाने प्राच्यविद्येचा पाया घातला, दुसऱ्याने महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा. सरकारने त्यांना नुसता पैसा दिला नव्हता. पैशाच्या रूपाने काळ दिला होता.

मात्र काळ देणाऱ्याला तो परतही घेता येतो. रानड्यांच्या चरित्रांत एक हकीकत सांगतात. त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजी राज्याशी करून मराठ्यांना झुकते माप दिले. तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची वृत्ती सहा महिने थांबविली. आमचे अन्न खाऊन आमच्याच राज्याला उणे लेखता, असा हा राग! पण विचार मरत नाही. त्याच विद्यार्थ्याचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला.

परंतु हा काळ कोणाच्या वाट्याला येत होता? हा सवाल महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढील निवेदनात उभा केला. शिष्यवृत्त्यांपैकी काही तरी, ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार झालेला नाही त्यांना मिळतील अशी तजवीज करावी, असे त्यांचे म्हणणे होते. शर्यत सर्वांना खुली आहे, असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या पायात बेडी आहे त्याला त्या खुलेपणाचा उपयोग काय?

याचे उत्तर तीस वर्षांनी एका संस्थानिकाने दिले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची वृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. कोलंबिया विद्यापीठात त्या तरुणाने त्या दिवसांचे सोने केले. पुढे लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर असतानाच वृत्तीची मुदत भरली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचा आणि स्नेह्यांचा हातभार लागला, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. वृत्तीतील खंड विद्यार्थ्याच्या आयुष्याला केवढा महाग पडतो, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

ज्याने हा खंड भोगला, त्यानेच पुढे इतरांसाठी वाट बांधली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली आणि १९४४ मध्ये हिंदुस्थान सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराजांच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्ट अंदाजपत्रकातील बाब बनली. हे स्थित्यंतर लहान नव्हे. मर्जीचे आभार मानावे लागतात. अंदाजपत्रकाचा हिशेब विचारता येतो.

स्वातंत्र्यानंतर ही वाट रुंद झाली. १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग आला. १९८४ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी देशव्यापी परीक्षा सुरू झाली. जानेवारी २०२३ पासून त्या वृत्तीची रक्कम दरमहा सदतीस हजार रुपये झाली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था निरनिराळ्या समाजांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देऊ लागल्या. जोतीरावांचा सवाल शासनाने अखेर ऐकला, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही १८६० च्या सुमाराची ती रखडलेली सहा महिन्यांची वृत्ती आपला पिच्छा सोडीत नाही. २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानावर कित्येक आठवडे बसून होते. ज्यांनी ग्रंथालयात बसावयाचे, ते उन्हात बसले. रानड्यांची वृत्ती थांबविणाऱ्याला राग तरी आला होता. आज ती निर्णयाअभावी आणि कागदाअभावी थांबते. विद्यार्थ्याच्या घरी मात्र दोहोंचा परिणाम एकच होतो. घरभाडे द्यायचे असते, आणि बापाचा तो पहिला प्रश्न पुन्हा उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

तात्पर्य, श्रोतेहो, विद्यावेतनाची रक्कम किती, हा प्रश्न दुय्यम नाही. पण तो एकटा पुरेसा नाही. ते कोणापर्यंत पोहोचते, घेणाऱ्याला देणाऱ्याविरुद्ध लिहिण्याची मुभा राहते काय, आणि ते महिन्याच्या महिन्याला हाती पडते काय, या तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. दक्षिणा वर्षातून एकदा दिली तरी चालत होती, कारण ती झालेल्या विद्येची होती. विद्यावेतन व्हावयाच्या विद्येचे आहे. एक महिना चुकला की अभ्यासाचा तेवढा काळ बुडतो, आणि बुडालेला काळ मागाहून थकबाकीत भरून देता येत नाही. हा पैसा आपल्या करांतून जातो. म्हणून आपल्या गावातला मुलगा किंवा मुलगी संशोधनाला लागली, तर ‘याचा उपयोग काय’ असे तिला विचारण्यापूर्वी, ‘तुझे वेतन या महिन्यात आले काय’ एवढे आपण विचारावे. आणि आले नसेल, तर तोच प्रश्न सरकारला विचारण्यास तिच्या बरोबर उभे राहावे.