खुब्याचा सांधा : जखडावा की बदलावा?

झिजलेला खुब्याचा सांधा जखडून टाकल्यास वेदना शमे, पण मांडी घालून बसणे कायमचे अंतरे. गती राखण्यासाठी फ्रान्समधील ज्युदे बंधूंनी १९४६ मध्ये बसविलेले अॅक्रिलिकचे गोळे झिजून सैल झाले. इंग्लंडचे जॉन चार्नली आरंभी जखडण्याचीच शस्त्रक्रिया करीत. पुढे रायटिंग्टन येथे त्यांनी धातूच्या गोळ्यासाठी टेफ्लॉनची वाटी योजिली. सुमारे ३०० रुग्णांत ती अल्पावधीतच झिजली व तिच्या कणांनी भोवतालच्या ऊतींत दाह उत्पन्न केला. चार्नली यांनी त्यानंतर स्वतःच्या मांडीत टेफ्लॉनचे नमुने घालून पाहिले. ही परीक्षा आधी झाली असती तर अधिक उचित ठरले असते. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिएथिलीनची वाटी आली. जखडण्याचा मार्ग हळूहळू मागे पडला.