बिअरची टाकी आणि सोड्याची गोटी

अमेरिकेतून कायमचं परतताना सामानात एक उंच, निमुळती स्टीलची टाकी आणली. सदाशिव पेठेतल्या घरी आईचा पहिला प्रश्न, "एवढी मोठी दुधाची किटली कशाला रे?" आता तिला काय सांगणार! सॅन होजेच्या गॅरेजात मी तिच्यात घरची बिअर भरायचो.

बिअरमध्ये गॅस आणायचे दोन रस्ते. बाटलीत थोडी साखर घालून बूच लावा, उरलेलं यीस्ट ती खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं. दुसरा आळशांचा: टाकी फ्रिजात, सिलिंडर जोडलेला, ४ अंशांना साधारण १२ पीएसआय दाब. आठवडाभरात काम फत्ते. दाब वाढवला की वायू जास्त विरघळतो, हे विल्यम हेन्रीने १८०३ मध्येच सांगून ठेवलंय.

पण खरी गंमत पुढे आहे. १७६७ मध्ये लीड्सला जोसेफ प्रीस्टली बिअरच्या कारखान्याशेजारी राहायचा. आंबणाऱ्या पिंपांवर साचलेला वायू त्याने पाण्यात मुरवला आणि सोडा तयार झाला! म्हणजे सोड्याला पहिला गॅस बिअरनेच दिला. मग १८७०च्या दशकात हायरम कॉडची गोटीची बाटली आली. ती उलटी धरून भरायची, आतला दाबच गोटीला रबरी कड्यावर घट्ट बसवतो. बूच नको, काही नको. काय डोकं आहे राव! आपल्या कॅम्पातला अर्देशीर यांचा सोड्याचा धंदा १८८४ चा.

सोड्याने ही उधारी फेडली दोनशे वर्षांनी. माझी टाकी मुळात कोल्ड्रिंकचं सिरप भरायची. पुढे सिरप खोक्यातल्या पिशव्यांतून यायला लागलं आणि टाक्या स्वस्तात निघाल्या. १९७८ मध्ये कार्टरच्या सहीने अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्राची परवानगी मिळाली होतीच. हौशी लोकांनी टाक्या उचलल्या.

इथे मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा. विनापरवाना बिअर बनवणं म्हणजे गुन्हा, मग ती स्वतःच्या स्वयंपाकघरात का असेना. सहा वर्षांचा छंद एका विमानप्रवासात संपला. बायकोने दोनदा टाकी भंगारात द्यायला काढली, दोनदा मी माळ्यावर चढवली.

शेवटी खाण्यापिण्याच्या दर्जाच्या गॅसचा सिलिंडर शोधत अर्धं पुणं पालथं घातलं आणि गेल्या शनिवारी टाकीत लिंबाचं सरबत भरलं. आठ दिवस फ्रिजचा एक अख्खा कप्पा अडला, त्यावर बोलणी खाल्ली, असो. काल आईला पेला दिला. तिने एक घोट घेतला, नाक चोळलं.

"गोटी सोडाच की रे हा. मीठ कमी पडलंय."