म्यानमार : लष्कराच्या हाती सत्ता देणारी वाट राज्यघटनेतच कशी होती?

१ फेब्रुवारी २०२१. म्यानमारच्या नव्या संसदेचं पहिलं अधिवेशन त्या दिवशी सुरू होणार होतं. पण पहाटेच लष्कराने आंग सान सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना ताब्यात घेतलं. या सत्तापालटाची मुळं २००८ च्या राज्यघटनेत सापडतात. ती लष्करी राजवटीनेच तयार केली आणि नर्गिस चक्रीवादळाने देश उद्ध्वस्त झाला असतानाच तिच्यावर सार्वमत घेतलं.

राज्यघटनेत काय आहे?

• संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराच्या. हे खासदार जनता निवडत नाही, सरसेनापती नेमतात.
• महत्त्वाच्या घटनादुरुस्तीसाठी ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतात. म्हणजे लष्कर नको म्हणालं, की दुरुस्ती अडली.
• संरक्षण, गृह आणि सीमाभाग ही खाती सरसेनापतींनी सुचवलेल्या अधिकाऱ्यांकडे. पोलीस गृहखात्याखाली, म्हणजे तेही निवडून आलेल्या सरकारच्या हाताबाहेर.

निवडणुकीत काय झालं?

नोव्हेंबर २०२० मध्ये सू ची यांच्या पक्षाने ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या. लष्कराच्या पाठिंब्यावरच्या पक्षाला ३३ मिळाल्या. लष्कराने मतदारयाद्यांत घोळ असल्याचा आरोप केला, निवडणूक आयोगाने तो फेटाळला. सरसेनापती मिन आंग लाइंग जुलै २०२१ मध्ये निवृत्त होणार होते.

मग कायदा कसा वापरला?

आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा. तेच अटकेत होते. म्हणून लष्करी खासदारांच्या कोट्यातून आलेले उपराष्ट्राध्यक्ष, माजी जनरल मिंट स्वे, हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी आणीबाणी जाहीर करून सत्ता सरसेनापतींकडे सोपवली. एका वर्षाची ही आणीबाणी मुदतवाढी घेत जुलै २०२५ पर्यंत चालली. या काळात हजारो लोक जीव वाचवत सीमा ओलांडून मिझोराममध्ये आले.

भारतात वेगळं काय?

सैन्यदलांचं सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे आणि ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. संरक्षण खर्चाला संसदेची मंजुरी लागते. सेवेत असलेल्या सैनिकाला निवडणूक लढवता येत नाही.

त्यामुळे कुठल्याही देशात निवडणुका होतात का, एवढंच पाहून भागत नाही. पोलीस कोणाच्या हाताखाली आहेत, सेनापतीला कोण नेमतं आणि कोण हटवू शकतं, हेही विचारावं लागतं.